हाडांचा डॉक्टर मोबाइलवर येऊ शकतो, मशीन येऊ शकत नाही

गेल्या महिन्यात आमच्या गावात हाडांच्या मोफत तपासणीचं शिबिर झालं. मेडिकलसमोर मांडव, दोन टेबलं, बॅनरवर हसणारी आजी. चप्पल काढायची, टाच एका डब्यासारख्या मशीनमध्ये ठेवायची, मिनिटभरात कागद हातात. कागदावर हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा. दुपारपर्यंत शंभरावर लोकांनी पाय घातले आणि बहुतेकांचा बाण पिवळ्यात नाहीतर लालमध्ये. शेजारच्या टेबलावर कॅल्शियमच्या डब्या तयारच. आणि कागदाच्या तळाशी एक क्यूआर कोड. स्कॅन करा, घरबसल्या तज्ज्ञ डॉक्टरांशी बोला, पहिला सल्ला मोफत.

बातमी म्हणून चार ओळींचा मजकूर होता. पण आठवड्याने मी त्या रांगेतल्या काही बायकांना गाठलं. तिघींनी पोराकडून कोड स्कॅन करून घेतला होता. तिघींशी फोनवर बोलणाऱ्या मुलीने वय विचारलं, पिनकोड विचारला आणि तीन महिन्यांचा पॅक सांगितला. तिघींना एकच पॅक. पाळी कधी गेली, पिशवी काढलीय का, कधी हात मोडला होता का, दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या गोळ्या किती वर्षं चालू आहेत, किडनीचा काही त्रास आहे का, यातला एकही प्रश्न कुणी विचारला नाही.

आता ही पोस्ट वाचून बरेच डॉक्टर मित्र म्हणतील, "सांगत होतो ना, ऑनलाइन म्हणजे सगळं बोगस." मला ते पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की ठिसूळ हाडांचा आजार हा ऑनलाइन उपचारांना फार सोयीचा आजार आहे. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांना तर त्याची गरज शहरापेक्षा जास्त आहे. गडबड कुठे होतेय, तर विक्री ऑनलाइन आली आणि वैद्यकी मागेच राहिली. जरा सविस्तर सांगतो, लांबलंय, पण घरात पन्नाशीच्या पुढची आई, काकू, मावशी असेल तर वाचा.

आधी आजार काय ते बघू

हाड म्हणजे दगड नव्हे. ते रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरतं. तिशीपर्यंत भर जास्त, नंतर झीज हळूहळू वर येते. बाईची पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि पुढची काही वर्षं झीज एकदम वेग घेते. दुखत काही नाही. कळतं तेव्हा बाथरूममध्ये घसरून मनगट मोडलेलं असतं, किंवा पाण्याची कळशी उचलताना पाठीचा मणका दबलेला असतो, किंवा खुबा गेलेला असतो. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचातलं एक वर्षभरात जातं. आपण म्हणतो, "पडली आणि मग उठलीच नाही." त्या वाक्याला वैद्यकीय नाव आहे.

मोजमापाचं गणित सोपं आहे. डेक्सा नावाच्या मशीनवर कंबरेचे मणके आणि खुबा यांची घनता मोजतात आणि तरुण निरोगी माणसाच्या हाडाशी तुलना करून टी-स्कोअर काढतात. उणे १ किंवा त्याच्या वर असेल तर ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर हाडं विरळ व्हायला लागलीत. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये हे आकडे घालून दिले.

शिबिरातलं टाचेचं मशीन म्हणजे डेक्सा नाही. ते ध्वनिलहरींवर चालतं. त्याचा उपयोग फार तर "तुम्ही पुढची तपासणी करून घ्या" एवढं सांगण्यापुरता. त्यावर उणे २.५ चा नियम लावून आजार ठरवता येत नाही. गोळी सुरू करायची किंवा थांबवायची, हेही त्यावर ठरत नाही. म्हणजे लाल पट्टा दाखवून डबी विकणं हे, वजनकाट्यावर उभं करून रक्तदाबाची गोळी देण्यासारखं झालं.

आमच्याकडे हा प्रश्न वेगळा का आहे

मराठवाड्यात हा विषय फक्त म्हातारपणाचा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. बहुतांश शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत. कित्येकींचं वय चाळिशीच्या आत.

त्या वेळी आम्ही सगळ्यांनी लिहिलं ते मुकादम, उचल, पाळीच्या दिवसांतला खाडा आणि त्याचा दंड यावर. ते लिहायलाच हवं होतं. पण त्यानंतर त्या बायकांच्या हाडांचं काय झालं, हे विचारायला फारसं कुणी फिरकलं नाही. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर त्या बाईची पाळी त्याच दिवशी कायमची गेली. मग वय बत्तीस असो की अडतीस. नुसतं गर्भाशय काढलं असलं तरी अंडाशयांचं काम बऱ्याचदा लवकर मंदावतं. जी झीज पन्नाशीला सुरू व्हायची, ती दहा-पंधरा वर्षं आधी सुरू. आणि त्या हाडांवर रोज उसाची मोळी.

आमच्या भागातल्या एका तांड्यावर एक बाई मला म्हणाली, "दादा, कंबर तर कोयत्याबरोबरच आलीया, ती आता कुठं जातीय." वय एकेचाळीस. नऊ वर्षांपूर्वी पिशवी काढलेली. अंडाशय काढलंय का, ते तिला माहीत नाही. डिस्चार्ज कार्ड गाडीत, खोपीत, पावसात कुठंतरी गेलं. इतक्या वर्षांत तिच्या हाडांची चौकशी एकानेही केली नाही.

अशा बाईसाठी हाडांचा जाणकार कुठे बसतो? हार्मोनचे डॉक्टर, म्हणजे एंडोक्रायनोलॉजिस्ट, आमच्या तालुक्यात नाहीत. पुण्याला, संभाजीनगरला आहेत. एक फेरी म्हणजे दोन दिवसांची मजुरी, दोघांचं एसटीभाडं आणि "पुढच्या महिन्यात रिपोर्ट घेऊन या." पुढच्या महिन्यात ती असते कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात फडावर.

ऑनलाइन इथेच कामाला येतं

विचार करा, या आजारात डॉक्टर नेमकं काय करतो? पोट दाबून बघायचं नसतं, घसा बघायचा नसतं असं नाही, पण मुख्य काम असतं प्रश्न विचारणं, रिपोर्ट वाचणं, औषध निवडणं आणि पुढची पाच-दहा वर्षं पाठपुरावा करणं. रुग्ण मध्येच औषध सोडतो, हे या आजारातलं सगळ्यात मोठं दुखणं. यातलं बरंचसं काम व्हिडिओ कॉलवर नीट होतं.

फ्रॅक्स नावाचं एक गणित आहे. इंग्लंडच्या शेफिल्ड विद्यापीठातून २००८ मध्ये आलेलं, इंटरनेटवर फुकट, त्यात भारतासाठी वेगळा तक्ता आहे. वय, वजन, उंची, आधी हाड मोडलं का, आई-वडिलांचा खुबा मोडला होता का, सिगारेट, दारू, स्टेरॉइड, संधिवात एवढं भरलं की पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत मिळते. डेक्साचा आकडा नसला तरी चालतं, असला तर जास्त चांगलं. उपकेंद्रावरची सिस्टर हे पाच मिनिटांत भरू शकते.

आणि व्यवस्था नाहीच असंही नाही. केंद्र सरकारची ई-संजीवनी आहे. नोव्हेंबर २०१९ पासून उपकेंद्रांवर, एप्रिल २०२० पासून थेट घरातून. फुकट. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवतो, स्क्रीनवर पलीकडे डॉक्टर. रुग्णाला ॲप कळायची गरज नाही, इंग्रजी यायची गरज नाही.

पण मी जी उपकेंद्रं पाहिलीत तिथे या खिडकीतून जास्त करून सर्दी, खोकला, अंगदुखी जाते. कंबरदुखी घेऊन आलेल्या पन्नाशीच्या बाईला वेदनाशामक आणि कॅल्शियम लिहून मिळतं आणि कॉल संपतो. पलीकडच्या डॉक्टरला दोष देणं सोपं आहे, पण त्याच्यापुढेही रांग असते आणि बाईची उंची किती कमी झालीय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

उंची कमी होणं हा साधा पण महत्त्वाचा इशारा आहे. तरुणपणीच्या उंचीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमी झाली असेल तर पाठीचे मणके दबलेत का हे एक्स-रे काढून बघावं लागतं. भिंतीला पाठ लावून पेन्सिलची खूण केली की झालं. कॅमेऱ्यातून हे दिसत नाही. उपकेंद्रातल्या माणसाने मोजलं तर मात्र कॅमेऱ्याचा उपयोग होतो.

कायदा काय म्हणतो

लोकांना वाटतं की ऑनलाइन म्हणजे मोकाट. तसं नाहीये. २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊन लागला त्याच सुमारास, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात.

एक, सल्ला फक्त नोंदणीकृत डॉक्टरनेच द्यायचा आणि चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक हवाच. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव टाकून बघता येतं.

दोन, औषधांच्या याद्या आहेत. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व अशी पूरकं साध्या फोनवरही सांगता येतात. काही औषधं पहिल्या वेळी द्यायची तर व्हिडिओवर बोलणं लागतं. काही फक्त आधी समोरासमोर तपासलेल्या रुग्णालाच. आणि काही ऑनलाइन अजिबात नाहीत.

तीन, डॉक्टरला वाटलं तर तो कधीही म्हणू शकतो की "प्रत्यक्ष येऊन दाखवा." हे म्हणणारा डॉक्टर टाळतोय असं समजू नका. उलट जो कधीच असं म्हणत नाही त्याच्याबद्दल शंका घ्या.

चार, आणि आजच्या काळात हे सगळ्यात महत्त्वाचं: कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं ॲप डॉक्टरला मदत करू शकतं, पण स्वतः रुग्णाला सल्ला देऊ शकत नाही, औषध लिहू शकत नाही. चॅटमध्ये "मी तुमची हेल्थ असिस्टंट" म्हणत कुणी डोस सांगायला लागलं, तर तो डॉक्टरी सल्ला नव्हे.

आता शिबिराच्या कागदावरच्या त्या क्यूआर कोडला या चार कसोट्या लावून बघा. नोंदणी क्रमांक कुठे आहे? बोलणारी मुलगी डॉक्टर होती का? पूरक औषधांची यादी मोकळी आहे, याचा फायदा घेऊन अख्खा धंदा त्या यादीवर उभा राहिलाय. हाडांचं खरं औषध त्या पॅकमध्ये नव्हतंच.

खरं औषध आणि बाईचं जगणं

हे जरा नीट समजून घेऊ, कारण इथेच ऑनलाइन डॉक्टर हुशार आहे की नुसता विक्रेता आहे ते कळतं.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हा पाया. दिवसाला साधारण १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणी, तीळ, दूध, दही यातून जमेल तेवढं आणि उरलं तर गोळी. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा असते, तीही ठरावीक आठवडे. ती रोज खाणारी माणसं मी पाहिलीत, "पावर वाढते" म्हणून. रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, किडनी खराब होऊ शकते. पण आधीच ठिसूळ झालेलं हाड नुसत्या पायावर उभं राहत नाही.

सगळ्यात जुनं आणि स्वस्त औषध ॲलेंड्रोनेट. ७० मिलिग्रॅमची गोळी, आठवड्यातून एक. महिन्याच्या चार गोळ्या काहीशे रुपयांत येतात. पण घ्यायची रीत कडक आहे. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, चहा नाही, दूध नाही, आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. नाहीतर औषध अंगी लागत नाही आणि अन्ननलिकेला जखम होऊ शकते. आता पहाटे तीनला उठून फडावर जाणाऱ्या बाईला ही रीत जमेल का? हे तिला विचारावं लागतं.

दुसरं डेनोसुमॅब. दर सहा महिन्यांनी कातडीखाली एक इंजेक्शन. सोपं वाटतं. पण याची एक गोम आहे. पुढचं इंजेक्शन चुकलं किंवा मधेच बंद केलं तर साचलेली झीज उसळी मारते आणि मणके एकामागून एक दबू शकतात. बंद करायचं तर त्याजागी दुसरं औषध लावूनच. जी बाई सहा महिने एका जिल्ह्यात आणि सहा महिने दुसऱ्या राज्यात, तिला हे इंजेक्शन सुरू करून देणं म्हणजे तिच्या गळ्यात घड्याळ बांधणं.

तिसरं झोलेड्रॉनिक ॲसिड. वर्षातून एकदा सलाइनमधून, पंधरा मिनिटं ते अर्धा तास. त्याआधी किडनीचा रिपोर्ट बघावा लागतो, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व भरून घ्यावं लागतं. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. ऊसतोडीला जाणाऱ्या साठीच्या बाईला बसेल असं औषध यापैकी कुठलं, हे मी डॉक्टर नसूनही सांगू शकतो: दसऱ्याच्या आधी, गावात असतानाच, ग्रामीण रुग्णालयात वर्षाचं सलाइन. पण हे ठरवायला डॉक्टरला दसरा म्हणजे तिच्यासाठी काय असतो हे माहीत पाहिजे. पिनकोड विचारून ते कळत नाही.

आणि पस्तिशीत अंडाशयं काढलेल्या बाईचा प्रश्न आणखी वेगळा. तिला थेट ही औषधं द्यायच्या आधी, नैसर्गिकरीत्या पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोन द्यायचे का, हा विचार व्हायला लागतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या असलं काही आहे का ते बघून. म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि हार्मोनतज्ज्ञ दोघं लागतात. तालुक्यात दोघं एका टेबलाशी कधी बसणार? स्क्रीनवर बसू शकतात.

अजून एक. गुडघेदुखीवर "आयुर्वेदिक" म्हणून मिळणाऱ्या पुड्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. चार दिवसांत गुडघा मोकळा होतो, चेहरा भरल्यासारखा दिसतो, आणि आतून हाड पोखरत जातं. पुरुषांनाही. चांगला डॉक्टर, समोरचा असो की स्क्रीनवरचा, विचारतोच: "दुसरं काही चालू आहे का? पुडी, चूर्ण, काहीही? आणून दाखवा." व्हिडिओ कॉलचा एक फायदा म्हणजे रुग्ण घरातच असतो, फळीवरची पुडी लगेच कॅमेऱ्यासमोर धरता येते.

स्क्रीनवर काय होणार नाही

डेक्सा होणार नाही. रक्त काढलं जाणार नाही. थायरॉइड, पॅराथायरॉइड, किडनी, काही वेळा रक्ताचा कर्करोग, यांच्यामुळेही हाडं विरळ होतात आणि ते बघितल्याशिवाय औषध लावणं धोक्याचं. सलाइन लागणार नाही. ही औषधं चालू असताना दात काढायचा तर आधी सांगावं लागतं, जबड्याच्या हाडाला क्वचित इजा होते म्हणून. तो दातही ऑनलाइन निघत नाही. अचानक पाठीत कळ आली, पायात ताकद नाही, लघवी-शौचावर ताबा नाही, तर मोबाइल बाजूला ठेवा आणि गाडी काढा.

म्हणजे हे काम निम्मं इथलं आणि निम्मं तिथलं आहे. इथलं निम्मं उभं न करता तिथलं निम्मं विकायला काढलं की शिबिरासारखं होतं.

मग करायचं काय

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याचं उदाहरण मला फार आवडतं. मोठं राज्य, तुरळक वस्ती, तज्ज्ञ एका शहरात. तिथे भारतीय वंशाचे डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये प्रोजेक्ट इको सुरू केला, कावीळ क प्रकाराच्या रुग्णांसाठी. कल्पना साधी: रुग्णाला शहरात ओढायचं नाही, गावातल्या डॉक्टरला तज्ज्ञांबरोबर दर आठवड्याला व्हिडिओवर बसवायचं, त्याच्या रुग्णांची चर्चा करायची, हळूहळू तोच तयार होतो. २०१५ मध्ये त्याच धर्तीवर हाडांच्या आरोग्यासाठीही असे वर्ग सुरू झाले.

आपल्याकडे हे का होऊ नये? मेडिकल कॉलेजं आहेत, ई-संजीवनी आहे, उपकेंद्रावर शिकलेला माणूस आहे. माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि मी त्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लेखीही देणार आहे:

१. जिल्ह्याला निदान एक चालू डेक्सा मशीन, सरकारी रुग्णालयात. तालुक्यांना वार ठरवून द्या. मशीन आणि ते चालवणारा माणूस, दोन्ही. नाहीतर आपल्याकडे मशीन खोक्यात आणि माणूस डेप्युटेशनवर असतो.

२. ई-संजीवनीवर आठवड्यातला एक दिवस हाडांचा. मेडिकल कॉलेजचा अस्थिरोग, स्त्रीरोग आणि मेडिसिन विभाग एकत्र.

३. पन्नाशीच्या पुढच्या ज्या माणसाचं साध्या पडण्याने मनगट, खुबा किंवा मणका मोडला, त्याची ग्रामीण रुग्णालयात वेगळी नोंद. आज प्लास्टर होतं, रॉड बसतो, आणि हाड का मोडलं हे कुणी विचारत नाही. एक मोडलं की दुसरं मोडायचा धोका वाढलेला असतो. पुढचं हाड वाचवायची ती वेळ असते.

४. बीडच्या सर्वेक्षणातल्या त्या १३ हजारांवर बायकांची यादी सरकारकडे असणार. हाडांच्या तपासणीची सुरुवात तिथूनच करा. शस्त्रक्रियेचे कागद शोधून द्या. दवाखान्यांना रेकॉर्ड मागा.

५. आणि शिबिरं. मशीन लावणाराच डबी विकत असेल तर परवानगी देऊ नका. ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला एवढं करता येतं.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे. "उपकेंद्रात बीपीची गोळी वेळेवर मिळत नाही आणि तुम्ही हाडांचं घेऊन बसलात." आक्षेप खोटा नाही. पण खुबा मोडल्यावर खासगीत होणारा लाख-दीड लाखाचा खर्च, त्यासाठी विकलेली म्हैस आणि घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूपायी सुनेची बुडालेली मजुरी, हेही कुणीतरी मोजलं पाहिजे. गोळी त्यापुढे स्वस्त आहे.

तोवर घरच्यांनी काय करावं

ऑनलाइन सल्ला घेताय ना, खुशाल घ्या. फक्त डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक आधी बघा. आईच्या जुन्या रिपोर्टचे, शस्त्रक्रियेच्या कागदांचे फोटो फोनमध्ये एका जागी ठेवा. चालू असलेली सगळी औषधं, पुड्यांसकट, टेबलावर मांडून मगच कॉल लावा. उंची भिंतीवर मोजा. कॉलवर आईलाच बोलू द्या. तुम्ही बोललात तर ती लाजून पाळीबद्दल, पिशवीबद्दल काही सांगणार नाही, आणि नेमकं तेच डॉक्टरला लागतं. मुलगा आहात तर थोडा वेळ खोलीबाहेर जा.

डॉक्टरने रक्ततपासणी न करता, डेक्साचं नाव न काढता महागाचा पॅक सांगितला, तर फोन ठेवा. त्याने दहा प्रश्न विचारून "आधी ही तपासणी करून या" म्हटलं आणि काहीच विकलं नाही, तर त्याचा नंबर जपून ठेवा.

आणि दोन फुकटच्या गोष्टी. न्हाणीघरात खरबरीत फरशी किंवा निदान धरायला एक दांडा. रात्री उठायच्या वाटेवर एक बारका दिवा. हाड कितीही ठिसूळ असलं तरी बहुतेक वेळा ते पडल्यावरच मोडतं.

तुमच्या तालुक्यात सरकारी डेक्सा आहे का, चालू आहे का, किती दिवसांनी नंबर लागतो, हे कमेंटमध्ये लिहा. जिल्हावार यादी करतोय. पुढच्या महिन्यात निवेदनासोबत तीच जोडणार आहे.